आक्का, निकाल तुम्ही खोटा वाचलात

आक्का, तुमच्या तेराव्याला मी रडले नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. पंगतीत वाढताना मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "जावाजावांचं आतून काय आसतं ते कुनाला दिसतंय व्हय." मी ऐकलं आणि भाताची परात घेऊन पुढं गेले. बावीस वर्षं आपण एका चुलीवर काढली आणि लोकांना वाटलं की तुमच्या जाण्याचं मला काही नाही. मला राग आलाय हे सांगणार कुणाला? मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हाही मला तुमच्यावर नीट रागावता आलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही चार वाक्यं बोलून मोकळ्या व्हायचात. आता तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. आता ऐका.

पहिले सात दिवस मी रडत होते. मेथीची जुडी तुम्ही अर्धी निवडून ठेवली होती, ती तशीच सुपात सुकली, मला ती टाकवेना. आठव्या दिवशी दुपारी माझ्या तेजूच्या कॉलेजातली चार पोरं आली. आपली मेस बंद होती, बाकडी भिंतीला लावलेली. सुतकाचं घर, चहा विचारायची सोय नाही. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसली. काय बोलावं ते त्यांना कळेना, मला तर कधीच कळत नाही. मग तो चष्मेवाला आर्यन, ज्याला तुम्ही प्रोफेसर म्हणायचात, तो धीर करून म्हणाला, "काकू, तुम्ही एम-थ्रीचं टेन्शन घेऊ नका. तिन्ही बॅकलॉग ह्या वेळी निघतील. आम्ही आक्कांना प्रॉमिस केलंय, तेजूला सोडणार नाही."

मी तेजूकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

मी चौथी शिकलेली असले तरी बॅकलॉग म्हणजे नापास होऊन मागं राहिलेला विषय, हे मला ठाऊक आहे. बारा वर्षं मेसच्या मागच्या खोलीत चपात्या लाटल्यात मी. डोंगरावरच्या कॉलेजातली पोरं जेवायला बसली की दुसरं काय बोलतात? कुणाची सबमिशन राहिली, कुणाला व्हायवात काय विचारलं, कुणाचे किती विषय गेले. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षातलं गणित. पोरं त्याचं नाव काढताना आवाज खाली घेतात, आमच्याकडं देवी आल्यावर घ्यायचे तसा. कुणाचा एम-थ्री राहिला की मी लाटता लाटता म्हणायचे, अरेरे, कुणाच्या आईबापाचं पोर आहे. माझंच होतं.

आता त्या दिवसाचं बोलू, ज्या दिवशी दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला.

दुपारची जेवणं उरकली होती. तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसून चष्मा चढवलात आणि तेजूचा मोबाईल हातात घेतलात. मी परात पुसत दारात उभी होते. इंग्रजी कागद घरात आला की तो तुम्ही वाचायचा, मी ऐकायचं, हा आपला रिवाज. बँकेचा असो, दवाखान्याचा असो. तुम्ही पौडला दहावीपर्यंत गेलेल्या. तुम्ही बोट खाली खाली सरकवत एकेका विषयाचं नाव घेतलंत. "हा पास. ह्यो बी पास. ह्याच्यात काठावर, पन पास." तेजू खांबाला टेकून खाली बघत होती. मला वाटलं, केवढी गुणाची पोर, पास झाली तरी मान वर करत नाही.

"झाली पास सगळ्यात," तुम्ही म्हणालात. "आता च्या टाक."

मी चहा टाकला नाही. मी तेजूला ह्यांना फोन लावायला सांगितलं. हे उरवड्याला कंपनीत पहिल्या पाळीला होते. मी त्यांना म्हणाले, येताना पिरंगुटावरून दोन किलो पेढे आणा. तुम्ही एकदम उठलात.

"पेढं कशाला? कालेज काय संपलंय का? शेवटच्या साली वाट की."

"पोरगी इंजनेराची दोन वर्सं पास झाली आक्का."

"म्हनून गावभर सांगत सुटायचं? दृष्ट लागंल. आर्धा किलो आन, घरात खाऊ."

आणि मग मी ते बोलले. आजही लिहिताना दोनदा खोडलं. मी म्हणाले, "तुमच्या दोघांतला येक जरी बारावीच्या फुडं गेला आसता, तर कळलं आसतं तुमाला, पेढं का वाटत्यात ते."

बावीस वर्षांत मी तुम्हाला उलटून बोललेली ती पहिली वेळ. तुमचे दोन्ही मुलगे टेम्पो चालवतात, कष्ट करतात, आईला जपतात. त्यांचं शिक्षण हे तुमचं दुखणं होतं हे मला माहीत होतं, म्हणून तर नेमकं तिथंच बोट ठेवलं. तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत. मला वाटलं, लागलं. बरं झालं, लागू दे.

तुमच्या एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं. "तुझीबी तीन इषयांत गेलीय" एवढं म्हणायचं होतं. मोबाईल तुमच्या हातात होता. तुम्ही म्हणाला नाहीत. मला बोलू दिलंत. आक्का, खोटा निकाल वाचलात तो एक वेळ मी पोटात घालीन. पण मी ते वाक्य बोलत होते आणि सगळं ठाऊक असून तुम्ही मला बोलू दिलंत, ह्याचं काय करू मी? हे कुठं ठेवू?

संध्याकाळी पेढे आले. मी खोका घेऊन ओट्यावर उभी राहिले. पण पुढं पाय उचलेना. कुणाच्या दारात जाऊन हाक मारायची म्हटली की मी दारातूनच मागं फिरते. तुम्ही आतून आलात, पदर खोचलात आणि माझ्या हातातून खोका काढून घेतलात. "चल. तुला हाक मारता येनार न्हाई." आणि एकेका दारात उभ्या राहून तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, "वैनी, ओ वैनी! आमची तेजू पास झाली बरं का. घ्या, त्वांड गोड करा." मी तुमच्या मागं उभी राहून हसत होते. सगळी आळी केली आपण. सरपंचाच्या घरीसुद्धा. शेवटच्या घरी त्यांनी तुम्हालाच पेढा भरवला आणि तुम्ही म्हणालात, "लई ग्वाड हाय."

कसा गिळलात तो पेढा?

तर त्या आठव्या दिवशी पोरं गेल्यावर मी तेजूला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आवाज चढवायची सोय नव्हती, पुढं बसायला आलेली माणसं होती. हळू आवाजात भांडणं फार कठीण असतं.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"मोठी आई म्हणाली, मी सांगीन. आधी विषय सुटू देत, मग सांगू."

"त्या म्हनतील. तू माझी हायेस का त्यांची?"

"आई, तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ती म्हणाली. "मला घरात बसवलं असतंस. गाडीची चावी काढून घेतली असतीस. वर्कशॉप बंद, टीम बंद, मैत्रिणी बंद. केलं असतंस का नाही? खरं सांग."

खरं होतं ते. आणि खरं सांगू, हे ऐकून मला तुमचा जास्तच राग आला. आम्हा मायलेकींमधला दरवाजा तुम्ही होऊन बसलात. तुमच्याशिवाय माझं तिच्याशी आणि तिचं माझ्याशी जाणंयेणंच राहिलं नाही. आणि मग तुम्ही गेलात.

हे भांडण आपलं पहिल्या वर्षापासूनचं. मी म्हणायचे, कॉलेज शिकायला असतं. आपली डोंगराकडची जमिनीची पट्टी कॉलेजच्या रस्त्यात गेली, राहिलेल्या तुकड्यात थोडं शेत, मेस आणि चार खोल्या, आणि घरात शिकणारी ही एकटी. तिनं पुस्तक सोडून दुसरीकडं बघायचंच कशाला? माझ्या माहेरी, धरणाच्या वरच्या अंगाला, शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा लाँचनं पलीकडं. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मी राहिले. मी तुम्हाला एकदा म्हणालेसुद्धा, मला कुणी पाचवीच्या बाकावर बसवलं असतं ना, तर शेजारी कोण बसलंय हेसुद्धा मी पाहिलं नसतं. नुसतं फळ्याकडं बघितलं असतं.

तुम्ही भाजी ढवळत म्हणालात, "मी पौडच्या साळंत काय शिकले, इचार मला. येक गनित आठवत न्हाई. पन आमी पाच जनी खिडकीतनं उडी टाकून जत्रंला गेल्तो, ते मरस्तवर इसरायची न्हाई. आन तू फळ्याकडंच बघितलं आसतंस म्हनून तर तुला कुनाशी बोलता येत न्हाई."

मला ते झोंबलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, कारण मी एरवीही कुठं बोलते.

पण पहिल्या वर्षीची तेजू मला आठवते, हे मी नाकारत नाही. कॉलेज सुटलं की सरळ घरी. जेवायला मेसमध्ये बसायची ती भिंतीकडं तोंड करून. कुणीतरी वर्गात तिच्या "न्हाई"ला हसलं होतं. तिनं उत्तर देताना "सर, मला जमलं न्हाई" म्हटलं आणि मागचा बाक खिदळला. त्यानंतर ती वर्गात बोलायचीच बंद झाली, आणि हळूहळू घरातसुद्धा. मार्क बरे होते. मी खूश होते. तुम्ही मात्र रोज तिच्या ताटाकडं बघायचात. "धाकटे, पोरगी आमटीत भाकर कुस्करून ठिवती आन उठती. आसली पोरं मी हितं बसून लई बघितल्यात. मार्कं आसत्यात त्यांना. पन ती कुनाला हाक मारत न्हाईत, आन त्यांना कुनी मारत न्हाई."

आणि मग तो ट्रॅक्टर. कॉलेजातली काही पोरं शर्यतीची गाडी बनवत होती, लोखंडी नळ्या जोडून, स्पर्धेसाठी. पिरंगुटावरून नळ्या वर न्यायच्या होत्या आणि टेम्पोवाल्यानं ऐन वेळी दगा दिला. जेवताना पोरं रडकुंडीला आलेली. तुम्ही मागं आलात, मला विचारलं नाहीत, तेजूच्या हातावर किल्ली ठेवलीत. "जा. ट्राली लावून ने त्यांचा माल."

"आक्का, पोरीची जात! कालेजात ट्रॅक्टर घिऊन?"

"मग? शेतात चालवती ते चालतं, आन कालेजात गेला की ट्रॅक्टरला काय शिंगं फुटत्यात?"

वर वर्कशॉपच्या दारात जागा अरुंद. पोरं म्हणाली, बाहेरच उतरवू, उचलून नेऊ. तेजूनं मागं वळून पाहिलं आणि अख्खी ट्रॉली रिव्हर्समध्ये घालून शेडच्या आत नेऊन उभी केली, एका दमात. ट्रॉली उलटी न्यायची म्हणजे चाक डावीकडं फिरवलं की ती उजवीकडं जाते, हे त्या शहरातल्या पोरांना कुठलं ठाऊक. म्हणे शिपायानं टाळ्या वाजवल्या. मागचा बाक जो खिदळला होता तोच म्हणाला, "हिलाच ड्रायव्हर घ्या."

त्या दिवशी ती घरी आली ती बोलत आली. भाकरी होईपर्यंत बोलत होती, जेवताना बोलत होती. मी तुमच्याकडं पाहिलं नाही. तुम्ही जिंकल्यासारख्या दिसत असणार.

मग सुरू झालं. वर्कशॉप, टीम, कुणाचा वाढदिवस, गॅदरिंग, रविवारी गड. परत यायला कधी सात, कधी आठ. मी दारात उभी, आणि तुम्ही पुढून म्हणायचात, "आलीय आलीय, मला फोन केल्ता तिनं." तुम्हाला. मला नाही. मी म्हणत होते की पुस्तक उघडायला वेळ मिळतो का हिला? तुम्ही म्हणालात, "उघडंल." नाही उघडलं, आक्का! तीन विषय गेले. मी खरी ठरले. हे एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला, की धाकटे, तुझं खरं होतं. तेवढंसुद्धा न म्हणता गेलात.

ह्यापुढचं तर त्याहून वरताण. तुम्ही निकाल लपवलात आणि गप्प बसलात असं नाही. गप्प बसणं तुमच्या स्वभावात कुठं. तेजूनं त्या दिवशी सगळं सांगितलं. तुम्ही त्या चौघांना पुढं बसवून दम भरलात. "तुमच्यासंगं गाडी करताना पोरीचं इषय गेलं. आता तुमीच काढून द्या. रोज दुपारी तीनला हितं यायचं. च्या आन भजी माझी." तेव्हापासून रोज तीन ते पाच मेसमध्ये एम-थ्री चालायचं. माझ्यापासून दहा पावलांवर. आणि मी आत कढईपुढं बसून पुटपुटायचे, काम ना धाम, ह्या टवाळ पोरांना दुपारी घरदार नाही का. तुम्ही आत यायचात, ताट भरून न्यायचात आणि वर मलाच म्हणायचात, "जरा कांदा जास्ती घाल, पोरं भुकेली हायेत."

चार महिने मी माझ्याच पोरीच्या शिकवणीला भजी तळली आणि मला ठाऊक नाही! मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हो, बंद केलं असतं. पहिल्या दिवशी केलंच असतं. पण दुसऱ्या दिवशी? तुम्ही मला दुसरा दिवस दिलाच नाहीत. धाकटीला हे पेलणार नाही, धाकटीला हे कळणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा पाहुण्यांपुढं माझी दातखीळ बसायची, आणि तुम्ही म्हणालात, "तू मागं बस, फुडचं मी बघते." त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. रेशनच्या हपिसात तुम्ही, शाळेच्या सभेत तुम्ही, डोंगरावरच्या कॉलेजात पालक म्हणून तुम्ही. त्याबद्दल तुमचे उपकार मी कुठल्या तोंडानं नाकारू? पण आक्का, मागं म्हणजे किती वर्षं मागं? एकदा तरी "ये फुडं" म्हणायचं होतं.

तर मी तेच केलं जे तेजू म्हणाली होती. गाडीची चावी काढून घेतली. तेरावा झाला, मेस सुरू झाली, तरी दुपारी पुढचं शटर ओढायला लागले. पोरं तीनला आली. शटर वाजवलं. "तेजू! काकू!" मी आत उभी होते, श्वाससुद्धा घेतला नाही. थोडा वेळ त्यांची कुजबुज ऐकू आली आणि मग पायांचा आवाज लांब गेला. सलग तीन दिवस असं. तेजू खोलीत पुस्तक उघडून बसली. मी पाणी द्यायला गेले तर एक पान, चहा द्यायला गेले तर तेच पान. रात्रीच्या ताटात आमटीत कुस्करलेली भाकरी तशीच होती.

तेवढ्यात कॉलेजातून निरोप आला. विषय राहिलेल्या मुलांच्या पालकांनी येऊन कागदावर सही करायची. ह्यांची पाळी होती. तुम्ही नाही. मी इरकल नेसले आणि तेजूच्या मागं गाडीवर बसून डोंगर चढले. आपल्याच जुन्या पट्टीवरून तो रस्ता जातो, आणि मी त्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते.

खोलीत सात-आठ पालक होते. सर पोरसवदा, बोलायला चांगले. तेजूकडं बघून म्हणाले, "आज त्या आक्का नाही आल्या?"

तेजू बॅगेत कागद शोधायला लागली. मग मीच म्हणाले, "त्या वारल्या." आक्का, तोपर्यंत मी हा शब्द तोंडानं उच्चारला नव्हता. घरात सगळे "गेल्या" म्हणत होते. तिथं त्या परक्या खोलीत, पंख्याखाली, मी तुम्हाला वारल्या म्हटलं आणि टेबलाची कड धरली. सरांनी खुर्ची पुढं केली. "सॉरी काकू. फार छान होत्या. बसा. इथं फक्त सही करा."

कागद इंग्रजी होता. मी पेन हातात घेतलं, आणि थांबले. म्हणाले, "काय लिवलंय? वाचून दावा."

"नेहमीचंच आहे काकू. सगळ्यांनी केलीय सही."

"तरी बी."

त्यांनी मराठीत सांगितलं. हजेरी पूर्ण ठेवू. परीक्षेला बसू. आणि सर्व विषय सुटेपर्यंत मुलगी कुठल्याही गटात, उपक्रमात, कार्यक्रमात भाग घेणार नाही. मी कागद तेजूला दिला. "तू वाच." तिनं तेच सांगितलं. दोघांचं जुळलं.

पंधरा दिवसांपूर्वी कुणी हा कागद घरी आणून दिला असता तर मी डोळे झाकून दोन सह्या केल्या असत्या. मला हेच तर पाहिजे होतं. पण ते कोट घातलेले सर माझंच वाक्य माझ्यापुढं वाचत होते आणि मला शटरच्या आत उभी असलेली मी दिसत होते.

"गटात न्हाई म्हंजी कसं?" मी विचारलं. "चौघं मिळून अभ्यास करत्यात, त्यो बी गटच की."

"अभ्यासाचं वेगळं काकू. पण मित्रमंडळ वाढलं की असं होतं. तिचं लक्ष तिकडंच असतं. एक वर्ष फक्त. तिच्या भल्यासाठीच आहे."

"येक वरीस तिनं आसं काढलंय, पयल्याचं. कुनाशी न बोलता. तवा तुमी बोलावलं न्हाई मला सांगायला, की बाई, पोरगी बोलत न्हाई."

"तेव्हा मार्क चांगले होते ना," सर म्हणाले.

"व्हय. मी बी तेच म्हनत होते."

सर काही तरी म्हणणार होते. पण माझं तोंड थांबेना. कुठून आलं ते मला ठाऊक नाही. "दुपारचं हिला गनित ती पोरं शिकवत्यात. फुकट. तुमी वर्सभर शिकवलं तर तीन इषय ऱ्हायले. मग बंद कुनाला करायचं, पोरांना का तुमाला?"

मागून कुणाचे तरी वडील मोठ्यानं हसले. सरांचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. "काकू, असं चालत नाही," ते म्हणाले. मी म्हणाले, "मग न्हाई चालत. मी हितं बसते." आणि बसले. पदर डोक्यावर ओढून, हात मांडीवर ठेवून बसले. गप्प बसणं मला येतं, आक्का. त्यात मला कुणी हरवू शकत नाही. बाकीचे पालक सह्या करून गेले. सर दोनदा आत जाऊन आले. शेवटी त्यांनी ती एक ओळ पेनानं खोडली, बाजूला आपली सही केली आणि कागद पुढं सरकवला. मी माझं नाव लिहिलं. सगळं, आडनावासकट.

बाहेर आल्यावर तेजू गाडीला टेकून हसत होती आणि रडत होती. मी तिला म्हणाले, दात काढू नको. विषय नाही सुटले तर चौथ्या वर्षाला घेणार नाहीत, आणि मग ह्या सरांपुढं मी कोणत्या तोंडानं येऊ? सहा वाजता घरात पाहिजेस. वर्कशॉपला रविवारी, तेही गणितं सुटली तर. ती प्रत्येकाला मान हलवत होती. तुम्ही असं समजू नका की मला तुमचं पटलं. तुम्ही लपवलंत ते चूकच केलंत. मीही तुम्हाला जे बोलले ते चूकच होतं. त्याची माफी मी तुमच्या मुलांपुढं मागितली, थोरला म्हणाला, "काकी, आई आमाला काय बोलली न्हाई ह्याच्यातलं." तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतंत. आता ह्याच्यावर मी काय म्हणायचं?

काल तीनला मी शटर वर केलं. पोरं आली. मी भजी आत तळली आणि ताट घेऊन मीच बाहेर आले. खुर्चीवर बसले. एम-थ्री मला काही कळलं नाही, पण कोण शिकवतंय आणि कोण वेळ काढतंय हे कळायला शाळा लागत नाही. आर्यन समजावतो. दुसरा मुलगा गणितं घालतो. तिसरा चुकला तरी धडपडतो. आणि चौथी ती श्रेया, केस मोकळे सोडणारी, ती काहीच करत नाही. तिचे सगळे विषय सुटलेत. ती शिकवत नाही, लिहीत नाही. तेजूला खेटून बसते, मोबाईल बघते, भजी खाते. दोन तास मी तिच्यावर नजर ठेवून होते.

पोरं हात धुवायला गेली तेव्हा मी तेजूला विचारलं, "ही कशापायी येती?"

"ती? ती नुसती बसते."

"नुसती?"

"हां. गणित अडलं ना, की मला पहिल्या वर्षासारखी विचारायची भीती वाटते. ती शेजारी असली की नाही वाटत."

म्हणजे तुम्हीच बसू दिलेलं असणार तिला. मला हे अजिबात पसंत नाही, आक्का. बसायचं तर हातात काही तरी घेऊन बसावं. पाच वाजता मी सगळ्यांना चहा दिला. तिच्यापुढंही कप ठेवला, आणि जरा आपटूनच ठेवला.